चटणीचं स्थळ

मावशी,

मी २६ वर्षांची आहे, अशोक चौकाजवळ राहते, युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. चार वर्षांपूर्वी मागच्या बोळातल्या पॉवरलूमच्या शेडमधून मांजराचं पिल्लू घरी आणलं. रंग शेंगाचटणीसारखा म्हणून नाव चटणी. गणपतीच्या आधी तिला ताप आला, हिरड्या लाल झाल्या, खाणं सुटलं. डॉक्टरांनी किटवर रक्त तपासलं आणि ल्युकेमिया आहे म्हणाले. औषधाने ती आता बरी आहे, कपाटावर उड्या मारते. पण वहिनीला तिसरा महिना चालू आहे आणि आई म्हणते, पोटुशीच्या घरात असलं आजारी जनावर नको. काका म्हणाले, कंबर तलावावर सोडून या, मासे खाऊन जगेल. बाबा काहीच बोलत नाहीत, रात्री ती त्यांच्याच पायाशी झोपते. डिसेंबरात माझं लग्न आहे, पुण्याला जाणार, आणि तिकडे आधीच दोन मांजरं आहेत. मोबाईलवर पुण्याबाहेरची एक जागा सापडली. एकदाच पंधरा हजार भरा, मांजर कायमची सांभाळू, म्हणाले. रिपोर्ट पाठवू का विचारलं तर म्हणाले, काही गरज नाही, आम्ही सगळी घेतो. रविवारी त्यांची गाडी येणार आहे. देऊ का?

— म., सोलापूर


म.,

देऊ नकोस. रविवारची गाडी नको म्हणून आत्ताच फोन कर, मग पुढचं वाच.

‘रिपोर्टची गरज नाही, आम्ही सगळी घेतो.’ या एका वाक्यावर माझं मत झालं. तुझं लग्न ठरताना कुणी म्हणालं असतं की पत्रिका नको, मुलीबद्दल काही सांगूही नका, रक्कम द्या आणि तिला गाडीत बसवा, तर तुझ्या आईने त्यांना चहा तरी विचारला असता का? चटणीचंही स्थळच बघायचंय. आपल्याकडे स्थळ बघायला गेलेली बाई पाणी प्यायच्या निमित्ताने मोरीपर्यंत जाऊन येते. तेवढं तरी कर.

ते वाक्य इतकं वाईट का, हे आजार कसा पसरतो ते कळलं की कळेल. मांजरांचा ल्युकेमिया एका विषाणूमुळे होतो. १९६४ साली ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू शोधला. त्याचं निमित्तच असं होतं की एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना गाठींचा कॅन्सर होत होता. हा एकत्र राहण्याचा रोग आहे. एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, भांडणातला चावा, आजारी आईचं दूध, मुख्यतः लाळ. चटणीला तो बहुधा त्या शेडमध्येच, आईकडून आला असेल, तेव्हा गल्लीतल्या बोक्याला शिव्या देऊ नका. कोरड्या फरशीवर हा विषाणू काही तासांत मरतो, साबणाच्या पाण्यानेही मरतो. पण तोंडातून तोंडात जायला त्याला काहीच अडचण नसते, आणि पिल्लांना तर तो फार लवकर धरतो. मग जिथे न तपासता सगळी मांजरं घेतात आणि एका हॉलमध्ये सोडतात, तिथे चटणी इतरांना काय देईल आणि इतरांची साधी सर्दी चटणीला कुठवर नेईल, याचा विचार तूच कर. तिची प्रतिकारशक्ती आधीच अधू आहे.

आता कागदाकडे येऊ. या पावसाळ्यात तुमच्या घरात दोनदा दोन रेघा उमटल्या. वहिनीच्या रेघांवर सोनोग्राफीने शिक्कामोर्तब झालं असेल. चटणीच्या रेघांवर कुणी केलं? किटवरची एक तपासणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. कधी किट चुकते. कधी विषाणू खरोखर असतो, पण मांजराचं शरीर त्याला मागे रेटतं आणि काही आठवड्यांनी रक्तात तो सापडत नाही; असं मांजर सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, नमुना बाहेरच्या लॅबला पाठवता येईल का, आणि किट पुन्हा कधी करायची. साधारण दीड-दोन महिन्यांनी करतात, म्हणजे तुझ्या लग्नाच्या आत दुसरा निकाल हातात येतो. इथे जमत नाही म्हणाले तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरवळला आहे, लातूरच्या पुढे उदगीरलाही आहे. मांजराला न्यायच्या आधी फोन करून ही तपासणी तिथे होते का ते विचारायचं.

आणखी एक, हसू नकोस. कागदावर ल्युकेमियाच लिहिलंय ना? पॅनल्यूकोपेनिया म्हणून वेगळाच आजार आहे. उलट्या, जुलाब, चार दिवसांत होत्याचं नव्हतं, आणि तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. नावं इतकी जवळची की एकाचा सल्ला दुसऱ्याला देणारे मी पाहिले आहेत. मांजरांना नेहमी देतात ती तिहेरी लस पॅनल्यूकोपेनियावर असते, ल्युकेमियावर नाही. ‘लस दिली होती, मग कसं झालं’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

वहिनीचं दोन वाक्यांत. मांजराचा ल्युकेमिया माणसाला होत नाही. बाळाला नाही, वहिनीला नाही. गरोदरपणात मांजरापासून जी भीती सांगतात ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची, ती निरोगी दिसणाऱ्या मांजराकडूनही असते आणि कच्च्या मटणाकडून, न धुतलेल्या भाजीकडूनही. त्यावर उपाय: चटणीला कच्चं मांस द्यायचं नाही, तिची मातीची पेटी रोजच्या रोज साफ करायची (विष्ठेतला तो जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो) आणि ते काम वहिनीने करायचं नाही. झाली की दोनपेक्षा जास्त वाक्यं. असू दे, आईला वाचून दाखव.

काकांना सांग, पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे काका घाबरणार नाहीत, ते मला माहीत आहे. पण कंबर तलावावर मासे कोण पकडून देणार तिला? ती कपाटावरून उडी मारणारी घरातली बाई आहे.

आता जागा. पुण्या-मुंबईकडे मांजरं सांभाळणाऱ्या जागा आहेत, चांगल्याही आहेत. पण ल्युकेमियाच्या मांजरांसाठी वेगळी खोली ठेवणाऱ्या थोड्या, आणि त्या बहुधा भरलेल्या असतात. म्हणून माझी पहिली खूण उलटी आहे: चांगली जागा आधी नाही म्हणते. रिपोर्ट मागते, दुसरी तपासणी झाली का विचारते, नसबंदी झाली का विचारते, घरीच का ठेवत नाही म्हणून तुला जरा टोचतेसुद्धा. आम्ही यादीत नाव घालतो, सहा महिने लागतील, असं कुणी म्हणालं तर रागावू नकोस, तो नंबर जपून ठेव.

जाऊन बघ. पुणे अडीचशे किलोमीटर आहे, सासरच्या खरेदीला जाशीलच. ल्युकेमियाची मांजरं वेगळ्या खोलीत आहेत का? नुसत्या पिंजऱ्यात नव्हे, मध्ये भिंत आणि दार हवं. नवीन आलेलं मांजर आधी काही दिवस एकटं ठेवतात का? सांभाळणारी बाई आधी निरोगी मांजरांकडे जाऊन शेवटी आजारी खोलीत जाते की उलट? मांजरं किती आणि हात किती, हेही मोज. दारातच डोळे चुरचुरले तर समज, पेट्या रोज साफ होत नाहीत.

मग एक प्रश्न विचार, चहा पिता पिता, सहज: गेल्या वर्षी या खोलीतली किती गेली? एकही नाही असं उत्तर आलं तर उठ. हा आजार निदान झाल्यावर साधारण अडीच वर्षांत निम्म्या मांजरांना नेतो. काही त्याच्या पुढे कितीतरी वर्षं मजेत जगतात, पण ‘एकही नाही’ होत नाही. ज्यांनी खरंच सांभाळली आहेत ते आकडा सांगतात आणि मग एखाद्या मांजराचं नाव घेऊन गप्प होतात. शेवट आला, खाता येईना, श्वास घेता येईना, तर तिला शांतपणे जाऊ द्यायचं कोण ठरवणार, डॉक्टर कोण येतो, तुला आधी फोन करतील का, हेही तिथेच विचार. अवघड वाटेल, तरी विचार.

पैशाचं मात्र मी सविस्तर सांगणार, कारण त्यातच खरी मेख आहे. एकरकमी पंधरा हजार एकदा घेतले की त्या दिवसापासून चटणीचा प्रत्येक जगलेला दिवस हा त्यांचा खर्च. ती लवकर गेली तर त्यांचा फायदा. माणसं वाईट असतील असं मी म्हणत नाही, पण हा व्यवहारच तसा आहे. म्हणून महिन्याला द्यायचं ठरव, संस्थेच्या बँकखात्यात, पावतीसह, कुणाच्या मोबाईल नंबरवर नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हिशेब तपासलेले आहेत का, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता आहे का, हे विचारायचं. कागद असला म्हणजे माया असते असं नाही, पण कागदही नसला तर तक्रार कुणाकडे नेणार? आणि एक ओळ लिहून घे: सांभाळणं जमलं नाही तर मांजर दुसरीकडे न देता आधी तुला परत.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही एक म्हातारं मांजर असंच दिलं होतं, कायमचं सांभाळू म्हणणाऱ्या एका जागी. दर महिन्याला फोटो यायचा, उन्हात पहुडलेली, मी निवांत. चौथ्या महिन्यात चष्मा बदलला आणि लक्षात आलं की चारही फोटोंत मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान एकच आहे. फोन केला तर नंबर बंद. म्हणून तुला सांगते, फोटो मागू नकोस. न सांगता व्हिडिओ कॉल कर आणि खोली फिरवून दाखवायला सांग.

पुण्याच्या घरी नेऊ नकोस, हे तुझं तुला कळलंच आहे. पण होणाऱ्या नवऱ्याला आजच सगळं सांग आणि त्याच्या दोन्ही मांजरांची तपासणी एकदा करून घ्यायला लाव, कारण तू चार वर्षं चटणीबरोबर राहिली आहेस म्हणून कुणीतरी तिकडेही काहीतरी बोलेल. कपड्यांवरून हा रोग सहसा जात नाही, पण हातात रिपोर्ट असला की वाद मिटतो.

आता तू पत्रात जिथे एका ओळीत उरकलंस तिथे येते. बाबा. ‘काहीच बोलत नाहीत, रात्री ती त्यांच्याच पायाशी झोपते.’ अगं, दुसरं मांजर नसलेलं घर, रोजचं तेच माणूस, तीच चादर, धावपळ नाही, भांडण नाही: ल्युकेमियाच्या मांजरासाठी डॉक्टर जे सांगतात ते हेच. तू जे पुण्याबाहेर पैसे भरून शोधते आहेस ते तुझ्या घरात पलंगाच्या पायथ्याशी आहे की. बाबांना विचारलं का कुणी?

विचारताना नुसतं ‘सांभाळाल का’ असं नको. काम सांग. खिडक्यांना आणि गच्चीच्या दाराला नायलॉनची जाळी, ती आता बाहेर जाणार नाही. पेटी रोज बाबांनी साफ करायची. पाणी रोज येत नाही, म्हणून तिच्यासाठी एक बादली वेगळी भरून ठेवायची. दर सहा महिन्यांनी डॉक्टर. दर आठवड्याला वजन, भाजीवाल्याचा काटाही चालेल. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, ताप आला, एक दिवस जेवली नाही, तर ‘उद्या बघू’ नाही. आणि महिन्याचे जे पैसे तू त्या जागेला दिले असतेस ते बाबांच्या खात्यावर टाकायचे, म्हणजे आईचा निम्मा विरोध तिथेच मावळेल. तरीही घरात जमलंच नाही, तर वर सांगितलेलं स्थळ शोधायला तुझ्या हातात निदान तीन महिने आहेत, एक रविवार नाही.

उद्या डॉक्टरांना फोन. आज रात्री जेवणं झाली की बाबांना एकटं गाठ. आई समोर असताना ते बोलायचे नाहीत.