नव्या फोनच्या कॅमेऱ्याची आणि स्क्रीनची घराबाहेर चाचणी कशी घ्यावी?

घरातल्या प्रकाशात प्रत्येक स्क्रीन चांगलीच दिसते, म्हणून फोन भर दुपारी उन्हात न्यावा आणि ब्राइटनेस आपोआप ठरू देऊन दहा-पंधरा मिनिटे नकाशा वापरावा. जाहिरातीतला २,००० निट्ससारखा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजळपणाचे एकक) आकडा बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरताच असतो, शिवाय फोन तापला की तो स्वतःहून स्क्रीन मंद करतो. पोलराइज्ड (चकाकी कमी करणारा) गॉगल वापरत असाल, तर फोन उभा आणि आडवा असा दोन्ही प्रकारे धरून पाहावा, कारण काही स्क्रीन एका स्थितीत जवळजवळ काळ्या दिसतात. कॅमेऱ्यासाठी मला सर्वांत खरी वाटणारी कसोटी म्हणजे सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो: चेहरा आणि आकाश दोन्हींतला तपशील टिकला का, हे सावलीत येऊन, फोटो मोठा करून तपासावे. त्याआधी लेन्स अवश्य पुसावी.