सळई वर की खाली?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा घेताना वाचला. फोनवर दोन ओळी खरडून उत्तर द्यावं असं ते नव्हतं, म्हणून सवडीने बसून लिहितोय. तू लिहिलंस, ‘काका, एम-थ्रीत केटी लागली. जर्नल स्वतः लिहीत बसले मी, आणि मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढणारी माझी पार्टनर ऑल क्लिअर. मग प्रामाणिकपणे इंजिनीअरिंग होतं का हो?’ आणि त्याच्या खाली, जाता जाता सांगावी तशी, ती क्यूबची गोष्ट.

मला आधी त्या क्यूबबद्दलच बोलायचंय. केटीचं, म्हणजे एम-थ्री या गणिताच्या पेपरात नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागणार त्याचं, नंतर.

तुमच्या एम-ट्वेंटी काँक्रीटच्या, म्हणजे २० ताकद धरलेल्या, तीन क्यूबांची (दाबून फोडायच्या ठोकळ्यांची) २८ दिवसांची रीडिंग आली २२, २३ आणि १४. बॅचमधल्या मुलांनी सांगितलं, १४ खोडून २१ टाक, नाहीतर फाईल परत येईल. तू टाकलंस. फाईलवर सही झाली आणि ते १४ अजून तुझ्या मनात घोळतंय. घोळतंय हे चांगलं आहे. आता लायब्ररीत जा आणि आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचा भारतीय कोड, उघड. एका सँपलचे तीन क्यूब घ्यायचे, त्यांची सरासरी धरायची आणि त्यातलं एखादं रीडिंग सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेलं तर ते सँपल बाद धरायचं, असं त्यात स्पष्ट दिलंय. कोड लिहिणाऱ्या जाणत्या माणसांना ठाऊक होतं की असा एखादा क्यूब निघतोच. तुझं १४ तसंच्या तसं लिहून खाली ‘सँपल बाद’ एवढं लिहिलं असतंस, तरी तो प्रयोग पूर्ण होता.

आणि त्याहून मोठी गोष्ट हातची गेली. ते १४ का आलं? क्यूब भरताना तीन थर देतात, प्रत्येक थराला रॉडने ३५ ठोके. एखाद्या थराला दहाच बसले का? मोल्डचे बोल्ट सैल राहून सिमेंटचं पाणी वाहून गेलं का? क्युरिंगच्या टाकीत पाणी कमी होऊन क्यूब अर्धा उघडा पडला होता का? की मशीनमध्ये ठेवतानाच चूक झाली? क्यूबची वरची, थापीने सारखी केलेली बाजू कधीच पुरती सपाट नसते. ती आडव्या बाजूला येईल असाच क्यूब ठेवायचा असतो. ती वर ठेवली तर सगळा भार चार-दोन उंचवट्यांवर येतो आणि चांगला क्यूबही लवकर फुटतो. एम-ट्वेंटीच्या १५ सेंटिमीटरच्या क्यूबने ४५० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ ४५ टन पेलायला हवेत. तुमचा १४ वाला ३१५ वर गेला. तो फुटलेला क्यूब हातात घेऊन पाहिला असतास, आत पोकळ्या दिसतात का, एकाच बाजूने ढलपा उडालाय का, तर त्या एका दुपारी तू काँक्रीटबद्दल जे शिकली असतीस ते २२ आणि २३ ने शिकवलं नसतं.

रीडिंगचं महत्त्व सांगताना मला नेहमी कॅनडातला क्वेबेकचा पूल आठवतो. सेंट लॉरेन्स नदीवरचा. आधी १६०० फुटांचा ठरलेला मधला गाळा वाढवून १८०० फूट केला, पण पुलाचं स्वतःचं वजन धरलं ते जुन्याच हिशेबाचं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मन मॅक्लूर नावाचा तरुण इंजिनीअर पुलाचे खालचे मोठे पोलादी भाग मोजत होता. ते वाकत चालले होते आणि वाक वाढत होता. हे कारखान्यातूनच असे वाकडे आले असतील, असं म्हणणारे लोकही होते. पण त्याच्या वहीत मापं होती. ती घेऊन तो न्यूयॉर्कला मुख्य सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. पुलावर आणखी भार चढवू नका, अशी तार कूपरनी कंपनीला केली. पण पुलावरचं काम काही वेळेत थांबलं नाही. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. मॅक्लूरच्या रीडिंगने त्यांना वाचवता आलं नाही हे खरंच. तरीही त्या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट शेवटपर्यंत खरं बोलत होती, आणि ती म्हणजे त्याने घेतलेली मापं. उद्या तुझ्या वहीतही कुणाच्या तरी जिवाचं रीडिंग असणार आहे. खोडून लिहायची सवय सेकंड इयरला लागली की ती नोकरीत आपोआप सुटत नाही.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाहीये. मी १९८३ ला फर्स्ट इयरला आलो तो मराठी माध्यमातून, तालुक्याच्या गावातून. ड्रॉइंगच्या शीट वेळेत होईनात. हॉस्टेलवर सगळे जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायचे. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली टेबल लँप, खाली मित्राची शीट आणि वर आपली. मीही मारल्या. एक-दोन नव्हे, निम्म्याहून जास्त. ओरलला एक्स्टर्नलनी फळ्याजवळचा खडू उचलला, तिरका मोडला आणि विचारलं, ‘या मोडलेल्या तोंडाचा खरा आकार कोणता?’ लंबवर्तुळ, एवढंच उत्तर. सेक्शन ऑफ सॉलिड्सची अख्खी शीट माझ्या फाईलमध्ये होती, तीही सुबक, आणि मला ते सांगता आलं नाही. त्या शीटच्या रेघा माझ्या हातातून गेल्या होत्या, डोक्यातून गेल्याच नव्हत्या. सुटीत घरी गेल्यावर मी त्या सगळ्या शीट पुन्हा काढल्या. साबणाच्या वड्या आणि बटाटे सुरीने कापून. आईला वाटलं पोराला काय झालंय. पण जीटीत वाचवलेला सगळा वेळ असा दुपटीने भरून काढावा लागला.

म्हणून तुझ्या पार्टनरचा विचार सोड. ती पास झाली, तिचं चांगलं होवो. तू जर्नल स्वतः लिहिलंस म्हणून तुला केटी लागलेली नाही. मला वाटतं, तुला केटी लागली ती एम-थ्री तू गणितासारखं न करता वाचत बसलीस म्हणून. तूच मागे सांगितलं होतंस, सॉल्व्ह केलेली उदाहरणं रात्र रात्र वाचते. सोडवलेलं गणित वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. ते कळणं पुस्तकाचं असतं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तेच गणित मांडलं की तिसऱ्या पायरीला पेन थांबतं, आणि आपला अभ्यास खरा तिथून सुरू होतो. थांबलेली जागा पेन्सिलने गोल कर. दुसऱ्या दिवशी तेवढीच घेऊन सरांच्या केबिनमध्ये जा. ‘सर, मला एम-थ्री येत नाही’ म्हणालीस तर कुणाला काही सांगता येणार नाही. ‘सर, इथे हे पद कुठून आलं?’ म्हणालीस तर बहुतेक शिक्षक हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात. केबिनच्या दाराशी घुटमळू नकोस. इंग्रजीत वाक्य जुळत नसेल तर मराठीत विचार, ते सरही इथलेच आहेत.

आणि एम-थ्री वेगळं, एसओएम (पदार्थांच्या ताकदीचा विषय) वेगळं असं धरू नकोस. तुळई भाराखाली किती वाकेल हे काढतो ते डिफरन्शियल इक्वेशनच असतं. ईआय (तुळईचा ताठपणा) गुणिले वायचं (तुळई किती वाकली त्याचं) दुसरं डेरिव्हेटिव्ह बरोबर मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर. दोनदा इंटिग्रेट करायचं, म्हणजे सी-वन आणि सी-टू येतात. मला कित्येक महिने ती दोन नुसती अक्षरं वाटायची. मग एका सरांनी मला बाकावर फूटपट्टी ठेवून, एक टोक तळहाताने दाबून धरून दाखवलं. इथे पट्टी खाली जाऊ शकत नाही आणि तिचा उतारही शून्य आहे. टेकू कसा आहे ही माहिती म्हणजे ते दोन कॉन्स्टंट. त्या दिवसानंतर बाउंड्री कंडिशन मला पाठ करावी लागली नाही. घरात, हॉस्टेलवर, एसटी स्टँडच्या छपराखाली उभी असशील तिथे टेकू शोधत जा. हे मन लावून केलंस तर पुढची दोन वर्षं बरीच हलकी जातील.

आता त्याच पट्टीची गोष्ट पुढे नेतो, कारण प्रामाणिक अभ्यास म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं त्याहून जास्त साइटवर कळलं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका शाळेच्या इमारतीचं काम, तिथे बाहेर काढलेला सज्जा. सळई बांधणारा फिटर माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्याने विचारलं, ‘साहेब, मेन सळई वर की खाली?’ त्याला उत्तर माहीत होतं, तो मला जोखत होता. कँटिलिव्हरचा, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या तुळईचा, मोमेंट डब्ल्यू एल स्क्वेअर बाय टू हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण ताण वरच्या अंगाला येतो, काँक्रीट ताण घेत नाही, म्हणून सळई वर, हे मी ती दाबून धरलेली पट्टी डोळ्यांपुढे आणून तिथेच पुन्हा ठरवलं आणि सांगितलं, ‘वर’. तो म्हणाला, ‘मग चेअर टाकायला सांगा. माल ओतताना माणसं सळईवरून चालतात, ती खाली बसते.’ चेअर म्हणजे वरची सळई उचलून धरणारे आधार. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सळई वर ड्रॉइंगमध्ये असून चालत नाही, काँक्रीट घट्ट होईपर्यंत ती वरच राहायला हवी. सज्जे पडतात त्यातले कितीतरी याच कारणाने पडतात. तो माणूस मला आयुष्यभर पुरला. साइट व्हिजिटला जाशील तेव्हा फोटो कमी काढ आणि मिस्त्रीला, फिटरला जास्त विचार.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या हातून एक चूक झाली, तीही तुला सांगायलाच हवी. एका पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं. क्यूबचं रजिस्टर संध्याकाळी साइट ऑफिसात माझ्यापुढे आलं, सगळी रीडिंग भरलेली, २४, २५, २४. टेस्टला मी हजर नव्हतो. घाई होती, मी सही केली. रात्री जेवताना लक्षात आलं की त्यातल्या एका तारखेला क्यूब फोडायचं मशीन बंद होतं. मला झोप आली नाही. सकाळी सीनियरांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी आधी खूप बोलून घेतलं आणि मग कोअर, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटमधून कापलेले नमुने, काढायला लावले. एका कॉलमची ताकद कमी भरली. तो कॉलम फोडून पुन्हा केला, महिनाभर काम लांबलं आणि कितीतरी लोक माझ्याशी बोलेनासे झाले. ती टाकी आजही गावाला पाणी देते. तुझं ते २१ वाचलं तेव्हा मला ते रजिस्टर आठवलं. हे एवढं लांब पत्र त्यामुळेच झालंय.

चॅटजीपीटीचं विचारलंस. माझं मत सरळ आहे. असाइनमेंट आधी स्वतः सोडव, चुकली तरी. मग त्याला तुझं उत्तर दाखव आणि कुठे चुकलं ते विचार. तेही चुकतं, कधी आकडेमोडीतही, म्हणून त्याचं उत्तर पुन्हा हाताने तपास. आधीच त्याच्याकडून लिहून घेतलंस तर ती माझी टेबल लँपवरची काचच झाली.

पीएलवर, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुटीवर, भिस्त ठेवू नकोस. पीएल उजळणीला असते, पहिल्यांदा शिकायला ती पुरत नाही. रोजचे दोन तास, तेही मेसच्या जेवणाआधीचे, डोकं ताजं असताना. रात्री दीडला मेसेज करतेस याचा अर्थ झोप होत नाही. ते आधी बंद कर.

आणि एक काम आजच कर. केटीचं घरी सांगितलं नाहीस, हे तुझ्या मेसेजच्या शेवटच्या ओळीवरून कळलं. वडिलांना फोन करून तूच सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. तुझी ट्यूशन फी सरकारने माफ केली असली तरी खोलीचं भाडं आणि मेस ते कसं भागवतात हे तुला माहीत आहे, म्हणूनच जीभ रेटत नाही. मी तुझ्या बाबांना शाळेपासून ओळखतो. ते थोडा वेळ गप्प राहतील, मग विचारतील पुन्हा परीक्षा कधी आहे. त्यांना तारीख सांग आणि रोज किती अभ्यास करणार आहेस तेही सांग. लपवून ठेवलेली केटी फार जड होते. हॉस्टेलवर अशा ओझ्याखाली एकटी पडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि तू त्यांच्यातली व्हावीस असं मला अजिबात वाटत नाही. रात्री फारच वाईट वाटलं तर मला फोन कर. मेसेज नको, फोन. मी उचलीन.

रविवारी सकाळी नऊला घरी ये. एम-थ्रीची वही, विद्यापीठाकडून मागवलेली उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आली असेल तर ती, आणि ते क्यूबचं जर्नल. त्या २१ वर आडवी रेघ मारून शेजारी १४ लिहू, तारीख घालून तू सही कर, आणि सोमवारी सरांना दाखव. काय म्हणतील याची भीती वाटेल, तरी दाखव. मग एलडीईची (लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनची) पाच गणितं सोडवू. काकू थालीपीठ करणार आहे, उपाशी ये.

तुझा,
काका