"हे इतिवृत्तात घेऊ नकोस"

"ताई, मी एका विद्यार्थी संघटनेच्या आमच्या कॉलेजातल्या युनिटची सरचिटणीस आहे. अध्यक्ष माझा पहिल्या वर्षापासूनचा मित्र. फीवाढीच्या आंदोलनात आम्ही दोघांनी रात्र रात्र जागून पोस्टर रंगवली. अध्यक्ष झाल्यापासून त्याची भाषाच बदललीय. समोरच्या संघटनेतल्या मुलांना तो 'कीड' म्हणतो. गेल्या बैठकीत म्हणाला, त्यांच्यातल्या मुख्य मुलांची यादी करा. नाव, होस्टेलची खोली, जाण्यायेण्याच्या वेळा. टाळ्या पडल्या. मी वहीत लिहायला लागले तर म्हणाला, 'हे इतिवृत्तात घेऊ नकोस.' मी लिहिलं नाही. संघटनेची भूमिका मला आजही पटते. सोडली तर गद्दार ठरेन. राहिले तर त्या यादीत माझाही हात. आणि त्याला असं एकटं टाकायचं का? – एक सरचिटणीस"

प्रिय सरचिटणीस,

तुमची संघटना कुठल्या बाजूची हे तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. लिहिलं असतंस तर निम्म्या वाचकांनी तुझ्या अध्यक्षाला इथेच माफ करून टाकलं असतं आणि उरलेल्यांनी फासावर चढवलं असतं.

आधी एक सांगते. मला जहाल मतांचं वावडं नाही. विशीत माणसानं तावातावानं बोलू नये तर कधी बोलावं? फीवाढ रद्द करा, कुलगुरूंनी राजीनामा द्यावा, सगळी व्यवस्थाच बदला, खुशाल म्हणा. पण समोरच्याचं मत चूक आहे म्हणणं वेगळं आणि समोरचा इथे नकोच म्हणणं वेगळं. 'कीड' म्हटल्यावर पुढे वाद घालायचा प्रश्नच उरत नाही. आणि खोली नंबर कोणी वादविवादासाठी गोळा करत नाही, हे तुलाही कळलंय. म्हणून तर पत्र लिहिलंस.

तुझ्या पत्रात मला आशा दिसते ती त्याच्याच वाक्यात. यादी करणं योग्य आहे अशी त्याची खात्री असती, तर त्यानं ती ठळक अक्षरात लिहून घेतली असती. 'इतिवृत्तात घेऊ नकोस' म्हणाला याचा अर्थ त्याला अजून कळतंय.

मग असं का वागतो? बैठक आठवून बघ. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या, होस्टेलच्या नळाला पाणी यावं म्हणून कार्यालयात खेटे घालणाऱ्या कार्यकर्त्याला कधी टाळ्या पडतात? टाळ्या पडतात त्या 'पाऊल ठेवू देणार नाही' या वाक्याला. त्याचाच व्हिडिओ फिरतो आणि तोच वरच्या नेत्यांपर्यंत पोचतो. पुढच्या वेळी दुसरा कोणी त्याच्यापेक्षा एक पट्टी वर बोलतो, मग अध्यक्षाला दोन पट्ट्या वर जावं लागतं, नाहीतर तो मवाळ ठरतो. पदाची शिडीच अशी लावलेली असते. त्यात एकसारख्या मतांची माणसं एकत्र बसली की मतं आणखी टोकाला जातात. सर्ज मोस्कोविची आणि मारिसा झावालोनी या मानसशास्त्रज्ञांनी 1969 साली हे फ्रान्समधल्या शाळकरी मुलांच्या छोट्या गटांत दाखवून दिलं. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गॉल याच्याबद्दल आधीच बरं मत असलेली मुलं चर्चेनंतर त्याच्या जास्तच बाजूची झाली आणि अमेरिकनांबद्दल नाराज असलेली जास्तच नाराज. त्यांना कोणी भडकवलं नव्हतं, नुसती आपसात चर्चा झाली होती. तुमच्या बैठकीत तर भडकवणाराही आहे!

म्हणून त्याला बैठकीत आव्हान देऊ नकोस. चारचौघांत तो माघार घेऊ शकत नाही, उलट चढेल. एकट्याला गाठ, आणि विचारसरणीवर बोलू नकोस, त्यात तो तुला गुंडाळेल. सरळ प्रश्न विचार: यादी कोणाच्या हातात जाणार? ती घेऊन कोणी रात्री एखाद्या खोलीवर गेलं तर तू काय करशील? उत्तर येईपर्यंत गप्प बस. लगेच उत्तर आलं नाही तरी चालेल.

यादीला मात्र वेळ देऊ नकोस. जर्मनीत 10 मे 1933 ला विद्यार्थी संघटनेनं पुढाकार घेऊन पुस्तकांच्या होळ्या केल्या. त्याआधी नकोशा पुस्तकांच्या याद्या फिरल्या होत्या आणि नकोशा प्राध्यापकांविरुद्ध मोहीम चालली होती. तुमची यादी अजून नुसती बोलण्यात आहे, की फोनवरून फिरतेय? नुसतं बोलणं असेल तर पुढच्या बैठकीत एवढंच म्हण, "मागच्या वेळचं एक राहिलं होतं, ते इतिवृत्तात घेते." बघ, किती जण ते मंजूर करतात. सरचिटणीसाच्या हातात वही असते ती यासाठीच. यादी फिरत असेल तर त्याच दिवशी ज्यांची नावं आहेत त्यांना सावध कर आणि होस्टेलच्या वॉर्डनला सांग. मारहाणीची वेळ, जागा ठरल्याचं कानावर आलं तर थेट पोलिसांना. मैत्री आणि निष्ठा यांचा हिशेब नंतर.

'गद्दार' तर म्हणतीलच. त्याची तयारी ठेव. पण जे म्हणतात तेही सुरक्षित नसतात. जपानमध्ये 1971-72 च्या हिवाळ्यात विद्यार्थी चळवळीतून पुढे गेलेल्या 'युनायटेड रेड आर्मी'नं डोंगरातल्या तळांवर आपल्याच 12 साथीदारांचा जीव घेतला. 'आत्मपरीक्षण' करायला लावायचं, मारायचं, थंडीत बांधून ठेवायचं. आरोप काय, तर क्रांतीवरची निष्ठा कमी पडली. तुमचं युनिट तिथवर जाईल असं मी म्हणत नाही, बहुतेक युनिटं जात नाहीत. पण टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या दोघातिघांना तुझ्यासारखंच पोटात कालवत असणार, भीतीपोटी वाजवत असतील. त्यांना एकेकट्याला भेट.

मित्राला टाकायचं का? माझं मत, नाही. जर्मनीतल्या उल्मचा हान्स शोल पोरवयात हिटलर युवा संघटनेत मोठ्या उत्साहानं शिरला, तिथे म्होरक्याही झाला. वडिलांचा नाझींना कडवा विरोध. घरात वाद व्हायचे, पण बोलणं बंद झालं नाही. त्याचं मन फिरायला काही वर्षं लागली. पुढे त्याच हान्सनं बहीण सोफीबरोबर म्युनिकच्या विद्यापीठात नाझींविरुद्ध पत्रकं वाटली आणि 22 फेब्रुवारी 1943 ला दोघांना मृत्युदंड झाला. सगळेच असे फिरत नाहीत. पण फिरणाऱ्याला परत यायला संघटनेबाहेरचं एखादं माणूस लागतं. त्याच्याशी अभ्यासाचं, घरचं बोलत राहा. त्याच्या आजूबाजूला आता सगळे 'अध्यक्ष' म्हणणारेच उरले असतील, तू नावानं हाक मार. फक्त त्याच्यासाठी खोटं बोलायचं नाही आणि वही लपवायची नाही.

राहायचं की सोडायचं, हे पुढच्या बैठकीवर ठरव. यादी रद्द झाली आणि तशी नोंद झाली तर राहा. तुझ्यासारखी माणसं गेली की युनिटमध्ये आवाज चढवणारेच उरतात. नाही झाली तर राजीनामा तोंडी देऊ नकोस. लेखी दे, तारीख घाल, कारण एका ओळीत लिही, प्रत स्वतःकडे ठेव. आणि इतिवृत्ताची वही सोपवताना कोणाकडे सोपवली त्याची सही घे.

– ताई