बॅटरी वॉरंटीत गेली. दुकानदार म्हणतो, ‘दोष गाडीचा’

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातला. स्वतःचा पिकअप स्वतःच चालवतो. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणतो, हंगामात सांगोल्याकडून डाळिंब. चौदा महिन्यांपूर्वी सोलापुरातल्या एका दुकानातून ६,८०० रुपयांना बॅटरी घेतली. दुकानदाराने कार्डावर गाडीचा नंबर घातला, शिक्का मारला आणि ३६ महिने वॉरंटी लिहून दिली : पहिले १८ महिने फुकट बदली, पुढचे १८ महिने सवलतीत. बिल मात्र साध्या चिठ्ठीवर दिलं. पैसे मी फोनवरून भरले. आता सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, रोज धक्का मारावा लागतो. दुकानदाराने बॅटरी तपासायला ठेवून घेतली आणि परत देताना तोंडी सांगितलं, ‘तुमच्या गाडीचं चार्जिंग खराब आहे. शिवाय धंद्याच्या गाडीला बाराच महिने वॉरंटी.’ वर म्हणतो, जुनी जमा करा, नवीवर हजार रुपये कमी करतो. दुसरीकडे रिकंडिशन बॅटरी तीन हजारांत मिळतेय, सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी. तक्रार करता येते का, की नाद सोडून द्यावा?

उत्तर : नमस्कार. नाद सोडू नका. आणि सगळ्यात आधी, ती जुनी बॅटरी जमा करू नका. हजार रुपये सुटतात म्हणून मन होईल, पण तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा ती बॅटरीच आहे. ती भंगारात गेली की दोष तिच्यात होता की गाडीत, हे कुणालाच तपासता येणार नाही. बॅटरीवरचा सिरियल नंबर, तारखेचा कोड, कार्डाच्या दोन्ही बाजू आणि ती चिठ्ठी, या सगळ्यांचे फोटो आजच काढून ठेवा.

दुसरं म्हणजे, तुम्हाला मिळालेला नकार तोंडी आहे. तो लेखी घ्या. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात वॉरंटी कार्ड असतं, पण ती का नाकारली याचा कागद नसतो. कार्डावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरी न्या आणि तपासणीचा अहवाल मागा. ‘बॅटरी खराब’ किंवा ‘चार्जिंग दोष’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. बॅटरीतल्या प्रत्येक सेलचं, म्हणजे कप्प्याचं, हायड्रोमीटरचं (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीचं) रीडिंग त्यात हवं.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं प्रकरण इथेच फिरतं. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, एकापाठोपाठ एक जोडलेले. गाडीचं चार्जिंग सहाही सेलांतून सारखंच जातं. ते कमी पडत असेल तर सगळेच सेल साधारण सारखे खाली येतात. जास्त होत असेल तर सगळ्याच सेलांतलं पाणी भराभर आटतं. पण बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावर पाच सेल ठीक आणि एकाचंच रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली, असं चित्र असेल तर ‘गाडीचा दोष’ ही सबब टिकवणं दुकानदाराला जड जाईल. एकच सेल निवडून मारेल असं चार्जिंग गाडीला करता येत नाही. झाकणं नसलेली सीलबंद बॅटरी असेल तर सेलवार रीडिंग घेता येणार नाही. मग लोड टेस्टची (बॅटरीवर भार देऊन घेतलेल्या चाचणीची) छापील पावती मागा.

त्याच दिवशी एखाद्या त्रयस्थ ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडीचं चार्जिंगही मोजून घ्या. गाडी चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि रेग्युलेटर (त्याचं व्होल्टेज आवरणारा भाग) ठीक. आकडा, तारीख आणि गाडीचा नंबर त्याच्या बिलावर लिहून घ्या. आकडा १५च्या वर गेला, किंवा डिस्टिल्ड वॉटर महिनोन्‌महिने घातलंच नव्हतं आणि प्लेटा उघड्या पडल्या, तर तुमचा दावा कमकुवत आहे हे मी स्पष्ट सांगतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली पाणी लवकर आटतं, आणि ते भरण्याची जबाबदारी कार्डावरच्या अटींत बहुधा तुमच्यावरच असते.

आता ‘धंद्याची गाडी’. यात दोन वेगळे मुद्दे एकत्र कालवले जातात. एक, तुम्ही कायद्याने ग्राहक आहात का? आहात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(७) नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नसतो. पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात, जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीचा अर्थ लावताना, सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलं आहे : स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, आणि मदतीला एखाद-दुसरा माणूस घेतला म्हणून तो हक्क जात नाही. मात्र गाडी पूर्णपणे पगारी ड्रायव्हरच चालवत असता तर उत्तर वेगळं आलं असतं. म्हणून तक्रारीत ‘गाडी मी स्वतः चालवतो, कुटुंबाचा उदरनिर्वाह यावरच आहे’ हे वाक्य नक्की घाला आणि लायसन्स जोडा.

दोन, कार्डावर काय छापलं आहे? व्यावसायिक वाहनांना कमी मुदत, अशी अट काही कार्डांवर बारीक अक्षरांत असते. तशी अट असेल तर कंपनी ती पुढे करेल. पण दुकानदाराने गाडीचा नंबर स्वतः लिहिला, पिवळी पाटी बघून बॅटरी बसवली आणि त्यावर ३६ महिने लिहून शिक्का मारला. माहीत असताना दिलेलं हे आश्वासन आहे. त्याची जबाबदारी त्याला झटकता येऊ नये. म्हणून तक्रारीत दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

कच्च्या चिठ्ठीची चिंता करू नका. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. फोनवरून भरलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट आणि शिक्क्याचं कार्ड मिळून खरेदी सिद्ध होते.

अहवाल हाती आला की दोघांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, नोटीस पाठवा. वकिलाचीच हवी असं नाही. मजकूर असा पुरे : ‘अमुक तारखेला अमुक नंबरची बॅटरी ६,८०० रुपयांना घेतली. ती फुकट बदलीच्या मुदतीत निकामी झाली. तपासणीचा अहवाल व चार्जिंगची नोंद सोबत जोडली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बॅटरी बदलून द्यावी किंवा रक्कम परत करावी; अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन.’ त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनी या टप्प्यावरच बॅटरी बदलून देते.

नाहीच दिली, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, कलम ३४ मुळे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या भरता येते आणि वकील सक्तीचा नाही. ६,८०० रुपयांसाठी माझ्यासारख्या वकिलाला फी द्यावी असं मलाही वाटत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. पडून राहिलेली बॅटरी दिवसागणिक आणखी खराब होते आणि तपासणीतून खरं कारण निघणं अवघड होतं. आयोग बॅटरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण तो खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. सर्व्हिस सेंटरचा अहवाल आधीच हाती असावा असं मी म्हणतो ते त्यासाठीही.

बुडालेल्या भाड्याची भरपाई मागता येते. बिल्टी, काट्याच्या पावत्या, आडत्याचे निरोप जोडा आणि जेवढं बुडालं तेवढंच मागा. आकडा फुगवला की खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास उडतो. गाडी महिनाभर उभी ठेवून त्याची भरपाई मात्र मिळणार नाही. नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलं, हेही पाहिलं जातं. त्यामुळे दुसरी बॅटरी आताच घ्या आणि तिचं बिल जपून ठेवा.

ती कोणती घ्यावी? रिकंडिशन घेऊ नका. आतल्या प्लेटा किती उरल्या आहेत हे तुम्हाला दिसत नाही, मागे कंपनी नसते, आणि तोंडी गॅरंटी सिद्ध करणं कठीण. रात्री कांदा भरून निघालेली गाडी वाटेत बंद पडली तर वाचलेले पैसे एका फेरीत जातील. नवीन घेताना नुसती किंमत न बघता तिला फुकट बदलीच्या महिन्यांनी भागा. समजा, ५,४०० ची बॅटरी १२ महिने फुकट बदलीची आणि ६,९०० ची २४ महिन्यांची : पहिली महिन्याला ४५० रुपयांना पडते, दुसरी सुमारे २८८ ला. पुढच्या सवलतीच्या महिन्यांना फार महत्त्व देऊ नका. ती सवलत छापील किमतीवर मिळत असेल आणि बाजारात बॅटरी मुळातच त्याहून कमी दराने विकली जात असेल, तर हाती थोडंच लागतं.

गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या एएचपेक्षा (अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) कमी क्षमतेची बॅटरी स्वस्त पडते म्हणून बसवू नका. वॉरंटी नाकारायला ते आयतं कारण होतं. कार्डावर ‘मालवाहू पिकअप’ असं लिहून मुदतही अक्षरी लिहून घ्या. बिलाशिवाय घेतली तर जीएसटी वाचेल असं कुणी म्हटलं तरी पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर हवा. जुनी बॅटरी परत न देता नवी घ्यायची असल्याने दर थोडा जास्त पडेल, तो पडू द्या. अल्टरनेटरचं माप आधी बिघडलेलं निघालं असेल तर ते दुरुस्त करूनच नवी बसवा, आणि बसवल्यावर गाडी चालू ठेवून आलेलं व्होल्टेज दुकानदाराच्याच हाताने त्याच बिलावर लिहून सही घ्या.