घरचे बेणे आणि बटाट्याची पानगुंडाळी

प्रश्न : कामठीजवळच्या शेतात घरच्याच बेण्यातून लावलेल्या बटाट्याची खालची पाने वर गुंडाळून कडक झाली आहेत. फवारणीने झाडे सुधारतील का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ही लक्षणे पानगुंडाळी विषाणूची दिसतात, आणि रोगट झाड बरे करणारे औषध नाही, हे खेदाने सांगावे लागते. हा विषाणू मावा ही रस शोषणारी कीड पसरवते व एकदा शरीरात गेल्यावर तो किडीत जन्मभर टिकतो, त्यामुळे कीटकनाशकाने प्रसार काही अंशी रोखता येतो. बटाट्यावरचा दुसरा एक विषाणू, वाय विषाणू (पीव्हीवाय), मात्र मावा काही सेकंदांच्या टोचणीतच पसरवत असल्याने तेथे फवारणी बहुधा उशिरा पोहोचते. रोगट झाडे कंदांसह उपटून काढा. यंदाचे बटाटे खाण्यास चालतील, पण बेणे म्हणून मुळीच ठेवू नका. पुढच्या हंगामात प्रमाणित बेणेच घ्या.