निवृत्तीनंतर स्वतःचं घर असलेल्या दोघांना महिना 30 हजार पुरतात का?

तुम्ही जूनला निवृत्त होताय, महिन्याच्या खर्चाचा हिशोब मांडलाय आणि ऑफिसचं पेट्रोलही वाचेल म्हणताय, म्हणून हा प्रश्न. महिन्याचे म्हणाल तर पुरतील. वर्षाचे नाही पुरणार. आम्ही नेमके इथेच फसलो.

मी नाशिकला खाजगी कंपनीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. घर स्वतःचं, कर्ज नाही, दोघंच. तुमच्यासारखाच मीही किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, औषधं, कामवाल्या मावशी, सोसायटीचा मेंटेनन्स असा हिशोब मांडला होता. बेरीज 25 हजारांच्या आत आली, म्हणून निवांत होतो. मग मे महिन्यात नात्यात तीन लग्नं निघाली, जूनमध्ये मेडिक्लेमचा हप्ता आला आणि मला मुदतीआधीच एफडी मोडावी लागली.

तेव्हापासून हिने खर्चाची वही घातली. त्यात दिसलं की खरा घोळ वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा आहे. आमचे आकडे सांगतो: मेडिक्लेम 52 हजार, घरपट्टी-पाणीपट्टी 6, स्कूटरचा विमा 2, वर्षाचे गहू-तांदूळ-डाळी 18, दिवाळी आणि पाहुणे 15, आहेर 20. झाले 1 लाख 13 हजार, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास. हे 25 मध्ये मिळवा, मग तुमचे 30 कुठे राहतात बघा. (आहेराचा आकडा कमी करायचा बराच प्रयत्न केला. जमलं नाही.)

यावर आम्ही काढलेला तोडगा सांगतो. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज दर महिन्याला नाही, तीन महिन्यांनी मिळतं: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. 8.2 टक्क्यांनी 15 लाखांवर दर तिमाहीला 30,750 रुपये होतात, वर्षाचे 1 लाख 23 हजार. ते वेगळ्या खात्यात जातात आणि त्यातून फक्त हे मोठे खर्च होतात. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलंच नाही. रोजचा खर्च दुसऱ्या खात्यातून. एक मात्र ध्यानात ठेवा, खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो, आणि मेडिक्लेमचा हप्ता काही पाच वर्षं थांबत नाही. त्यामुळे सुरुवातीला दोन पैसे उरले तर ते उडवू नका.

ऑफिसचं पेट्रोल वाचेल हे खरं, पण दिवसभर घरी असल्यावर पंखा-टीव्ही चालू राहतो, आणि सकाळी फिरायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. माझा भाजीचा खर्च निवृत्तीनंतर वाढला, कारण मंडईत आता रोज जातो. प्रवासाचा मात्र फारसा धसका घेऊ नका, एसटीत 65 नंतर अर्धं तिकीट आहे, आणि बायकांना तर कोणत्याही वयात अर्धंच.

जूनला निवृत्त होताय ना? मग पगार चालू आहे तोवरच वही सुरू करा. आणि त्यात ‘किरकोळ’ असा रकाना ठेवू नका. आमच्याकडे एका महिन्यात किरकोळ 3,200 झाले होते, आणि ते कशाचे हे अजून दोघांनाही आठवत नाही.