मँचेस्टरला निघण्यापूर्वी: क्लच, ऑटोमॅटिक आणि लक्ष

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला असा समजला: मार्चमध्ये तुम्ही आणि वहिनी मँचेस्टरला जाणार आहात, परवाना दोघांकडेही आहे, परंतु गेली सहा वर्षे बोरिवली ते अंधेरी हा रोजचा प्रवास तुम्ही ऑटोमॅटिक गाडीनेच करत असल्यामुळे तिकडची परीक्षा क्लचच्या गाडीवर द्यावी की ऑटोमॅटिकवर, हे ठरत नाही. त्यात 'ऑटोमॅटिकवर माणूस सुस्तावतो' असे सांगून तुमच्या काकांनी घोळ वाढवला आहे. मी मूळचा पार्ल्याचा. लीड्सला येऊन मला अकरा वर्षे झाली. माझे मत आधीच सांगतो: परीक्षा क्लचच्या गाडीवर द्या, पण काकांच्या कारणासाठी देऊ नका.

खरे कारण परवान्याचे आहे. आपल्याकडे हलक्या मोटारीच्या परवान्यावर असा भेद केला जात नाही. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवान्यावर ७८ हा संकेतांक येतो आणि क्लचची गाडी चालवण्याची मुभा राहत नाही. क्लचच्या गाडीवर उत्तीर्ण झालेल्याला दोन्ही चालवता येतात. वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिने भारतीय परवाना चालतो, पण तो बदलून तिकडचा परवाना मिळत नाही. त्यासाठी आधी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ परवाना, मग संगणकावरची परीक्षा (५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात, शिवाय रस्त्यावरचा धोका चित्रफितीत वेळेवर ओळखण्याच्या भागात ७५ पैकी ४४ गुण) आणि शेवटी प्रत्यक्ष रस्त्यावरची परीक्षा, असा क्रम आहे. या शेवटच्या परीक्षेची तारीख मिळायला अनेक केंद्रांवर काही महिने लागतात, म्हणून वर्ष संपत आल्यावर धावपळ करू नका. वहिनींना क्लचची धास्तीच असेल, तर त्यांनी खुशाल ऑटोमॅटिकवर द्यावी. विजेच्या गाड्यांत बदलायला गिअरच नसतो आणि त्यांची संख्या वाढतेच आहे.

क्लचची सवय मुंबईतच परत करून घ्या. ब्रिटनमध्ये शिकवणीचे पैसे तासावर मोजले जातात आणि ते पौंडांत असतात. मात्र आपल्याकडे मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात आणि निम्मा वेळ गाडी तेच चालवत असतात, तेव्हा त्यांना पाय वर घ्यायला सांगा. शक्य असेल तर एखाद्या नातेवाइकाची जुनी गाडी घेऊन सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा चढ गाठा, पहाटे, मागे कोणी नसताना. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच सावकाश सोडत गेलात की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि बॉनेट बोटभर उचलले जाते. तिथे पाय स्थिर ठेवायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. हे वीस वेळा जमले की एकविसाव्या वेळी विचार करावा लागत नाही. हायवेवरच्या गर्दीत सतत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवण्याची आपली सवय मात्र इथेच सोडून जा. क्लच प्लेट जळल्याचा वास तुम्हालाही ओळखीचा असेल.

उलट दिशेचा बदलही सोपा नसतो. लीड्सला आल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी प्रथमच भाड्याने ऑटोमॅटिक गाडी घेतली. एका राउंडअबाउटजवळ, म्हणजे गोल वळसा घालून जायच्या चौकाजवळ, येताना वेग कमी होऊ लागला तसा माझा डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला आणि त्याच्या जागी असलेल्या रुंद ब्रेकवर पूर्ण जोराने बसला. गाडी जागच्या जागी थांबली, बायकोच्या मांडीवरचा डबा पायाशी सांडला आणि मागच्या गाडीचे टायर किंचाळले. धक्का बसला नाही, तो केवळ मागच्या बाईंनी अंतर राखले होते म्हणून. तेव्हापासून ऑटोमॅटिकमध्ये बसलो की डावा पाय मागे, सीटजवळ ओढून घेतो.

आता काकांचे म्हणणे. त्यात थोडे तथ्य आहे. क्लचच्या गाडीत राउंडअबाउटच्या बऱ्याच आधी दुसरा गिअर घ्यायचा की थांबायचे, हे ठरवावे लागते, आणि त्यामुळे नजर आपोआप पुढे जाते. परंतु हे नवशिकेपणी. पुढे हात गिअर बदलत राहतो आणि मन भलतीकडे असते. पेट्रोल वाचवण्यासाठी फ्लायओव्हरच्या उतारावर न्यूट्रल टाकणारे आपले कितीतरी चालक वर्षानुवर्षे क्लचच्याच गाड्या चालवत आले आहेत. त्यात इंजिनाचा आवर जातो, आणि पेट्रोलही वाचत नाही, कारण इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनाला इंधन मोजून फवारणाऱ्या, गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बहुतेक बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागतच राहते.

ऑटोमॅटिकचा धोका मला वेगळा वाटतो: डावा हात रिकामा राहतो आणि तो फोनकडे जातो. सिग्नलला गाडी 'डी'मध्ये असते, नजर फोनवर असते, ब्रेकवरचा पाय ढिला पडतो आणि गाडी पुढे सरकते. ब्रिटनमध्ये सिग्नलला थांबलेले असतानाही फोन हातात धरून वापरला तर ६ पेनल्टी पॉइंट आणि २०० पौंड दंड होतो. पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की परवानाच रद्द होतो.

मी स्वतः पहिल्या परीक्षेत नापास झालो तो गिअरमुळे नव्हे. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. उभ्या बसला वळसा घालताना मी आरसा न पाहता उजवीकडे गेलो आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराला ब्रेक लावावा लागला. मुंबईत मागचा हॉर्न वाजवून आपण असल्याचे कळवतो, त्यामुळे माझे आरसे नावापुरते होते. ब्रिटनमध्ये हॉर्न क्वचितच ऐकू येतो. वस्तीत रात्री ११.३० ते सकाळी ७ पर्यंत तर त्याला बंदीच आहे. तेव्हा आतापासूनच, आपल्याच हायवेवर, वेग किंवा दिशा बदलण्यापूर्वी आरसा पाहण्याची सवय लावा. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवायला आपल्याकडे जमणार नाही, मधे रिक्षा घुसेल. पण ते मोजायला शिका. तिथे ताशी ३० मैलांना, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरला, थांबण्याचे अंतर २३ मीटर आणि ७० मैलांना ९६ मीटर धरले जाते, आणि ओल्या रस्त्यावर हे दोन सेकंद किमान दुप्पट करावे लागतात. मँचेस्टरचा पाऊस तुम्ही ऐकून असालच.

एक राहिले. १२ महिन्यांची ती सवलत परवाना वैध असेपर्यंतच आहे, म्हणून दोघांच्याही कार्डांवरची मुदत आजच पाहा आणि ती जवळ आली असेल तर नूतनीकरण निघण्यापूर्वी आरटीओतून करून घ्या. तिकडे बसून ते करणे मला फार जड गेले होते.